चावणारी चप्पल घ्यावी का?

कातडी असेल तर घ्यावी, रेक्झिनची असेल तर दुकानातच ठेवावी. कातडं वापरून सैल होतं, पण रुंदीला, लांबीला नाही. बोटं दुमडत असतील तर कितीही आवडली तरी मोह सोडायचा.

कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल, हिरडा वापरून कमावतात, म्हणून नवी चप्पल ताठ असते. मी पट्ट्याला आतून खोबरेल चोळून रात्रभर ठेवते. मग आधी घरातच घालते, तीही संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना. अंगठ्याजवळ लाल झालं की लगेच काढायची. फोड येईपर्यंत सोसण्यात कसला आलाय शहाणपणा! नव्या चपलेनं पाखाडी तर मुळीच उतरू नये: जांभ्याच्या ओबडधोबड पायऱ्यांवर पाय पुढे सरकतो आणि सगळा भार पट्ट्यावर येतो.

आपल्या कोकणात मे महिन्यात घेतलेली चप्पल रुळते न रुळते तोच पाऊस. भिजलेलं कातडं वाळून कडक होतं, वर बुरशी. त्यापेक्षा दिवाळीला घ्या, पुढे कोरडे महिने मिळतात.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांना पहिल्या दिवसापासून मऊच घ्या. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर जखम कळतसुद्धा नाही.