सर्टिफिकेट मागतंय कोण?

कंप्युटरच्या क्लासमध्ये फी विचारायला जाण्याआधी नोकरीच्या वीस जाहिराती वाचा. ज्या कामाला लागायचंय त्याच कामाच्या, गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या, आणि जिथं राहायची तयारी आहे त्याच गावातल्या. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: सर्टिफिकेट 'आवश्यक', 'असल्यास प्राधान्य' आणि 'उल्लेख नाही'. एका संध्याकाळचं काम आहे. वीसपैकी पंधरा खुणा तिसऱ्या रकान्यात पडल्या तर त्या कागदावर पैसे घालायची घाई नको. बीसीए, बीएस्सी झालं की घरात ठरतं, "पोराला कंप्युटरचं काहीतरी करू द्या." गडबड तिथंच होते, कारण 'काहीतरी' नावाचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही.

मराठवाड्यातल्या पोरांसमोर साधारण तीन वाटा असतात: सरकारी भरती, गावातली किंवा एमआयडीसीतली नोकरी, आणि पुण्याचं आयटी. तिन्हीकडे कागदाची किंमत वेगळी.

सरकारी भरतीत प्रश्नच नाही. तिथं कागद म्हणजे अट. एमएस-सीआयटी हा कंप्युटरच्या तोंडओळखीचा कोर्स २००१ पासून आहे. कोर्स एमकेसीएलचा (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन), प्रमाणपत्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं. गट क च्या बऱ्याच जाहिरातींत ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा हवाला असतो. त्यानुसार एमएस-सीआयटीऐवजी नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची सीसीसी (कंप्युटरची प्राथमिक ओळख) किंवा त्यावरची 'ओ' लेव्हलही चालते. पुष्कळ पदांना नेमणुकीनंतर दोन वर्षांत प्रमाणपत्र सादर करायची सवलत असते, पण ती त्या-त्या जाहिरातीत लिहिलेली असेल तरच धरायची. सीसीसी हा ८० तासांचा अभ्यासक्रम. परीक्षेत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, वेळ ९० मिनिटं. नायलिटचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच आहे.

लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर एमएस-सीआयटीवर भागत नाही. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचं टंकलेखन लागतं. त्यासाठीची संगणक टंकलेखन परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. इथं पोरं एका भलत्याच गोष्टीवर अडकतात: कीबोर्डची मांडणी. सहा महिने क्लासमध्ये जुन्या फॉन्टवर एका मांडणीत बोटं बसवायची आणि पुढं कौशल्य चाचणीत समोर युनिकोड आणि वेगळीच मांडणी आली की वेग तिशीवरून पंधरावर येतो. रेमिंग्टन की इन्स्क्रिप्ट, हे पहिल्या दिवशी विचारा. शेवटच्या महिन्यात विचारून उपयोग नाही. बोटांची सवय मोडायला ती लावण्यापेक्षा जास्त दिवस जातात.

गावातल्या नोकरीचा मामला उलटा. लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानाला, नांदेडच्या हार्डवेअरच्या होलसेलरला किंवा जालन्याच्या स्टील कारखान्याच्या अकाउंट्सला कोणी सर्टिफिकेट मागतं का? मागितलं तरी फाइलमध्ये लावायला. खरी परीक्षा टेबलावर होते. मालक एक बिल पुढं सरकवतो आणि म्हणतो, "याची एंट्री मार." समजा १८ टक्के जीएसटीचा ४०,००० रुपयांचा माल आहे. नांदेडहून परभणीला गेला तर ३,६०० सीजीएसटी आणि ३,६०० एसजीएसटी. तोच माल निजामाबादला गेला तर राज्य बदललं, मग ७,२०० रुपये सरळ आयजीएसटी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीच्या लेजरला (खात्याला) राज्य चुकीचं टाकलं की टॅक्स चुकीच्या खात्यात जातो आणि रिटर्न भरताना सीएच्या ऑफिसातून फोन येतो. पुढचा प्रश्न असतो माल परत आल्याचा: आपण परत पाठवला तर डेबिट नोट, गिऱ्हाइकाकडून आपल्याकडं परत आला तर क्रेडिट नोट. तिसरा बँकेच्या रिकन्सिलिएशनचा, म्हणजे आपलं खातं बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायचा. एवढं जमलं की सर्टिफिकेटचं नाव निघत नाही. नाही जमलं तर सोनेरी किनारीचं असलं तरी उपयोग नाही.

एक्सेलचंही तसंच. व्हीलुकअप, म्हणजे एका शीटमधलं दुसऱ्या शीटमध्ये शोधून आणायचं सूत्र, सगळे शिकतात, पण एका शीटमध्ये कोड नंबर म्हणून आणि दुसऱ्यात टेक्स्ट म्हणून असला की उत्तर येत नाही, आणि निम्मे जण तिथंच हात वर करतात. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो, तो याचीच खूण. कॉलम निवडून 'टेक्स्ट टू कॉलम्स' मारून फिनिश केलं की बहुतेक वेळा सुटतं. शब्दांच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा असेल तर ट्रिम लावायचं. हे कुठल्याच कागदावर छापलेलं नसतं.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत सॅप या कारखान्याचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव चालतं, म्हणून सॅपचे क्लासही चालतात. पण स्टोअर किंवा परचेसला लागणाऱ्या माणसाला लागतं ते सॅपच्या 'मिगो' नावाच्या स्क्रीनमधून माल जमा करणं, एमई२१एनमधून पर्चेस ऑर्डर काढणं आणि बिल मिरोत कसं जातं ते ठाऊक असणं. कंपनी हे नव्या माणसाला आपल्या पद्धतीनं पुन्हा शिकवतेच. सॅप बसवून देणाऱ्या कन्सल्टंटचं सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट आहे. ते सॅप कंपनीच देते, परीक्षाही तीच घेते. क्लासचं 'सॅप कोर्स पूर्ण' आणि सॅपचं 'सर्टिफाइड' या दोन कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि फी सांगताना तो बहुतेक जण सांगत नाहीत.

आता पुणे. हिंजवडी-खराडीत बायोडेटा आधी एचआरच्या चाळणीतून जातो. नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड या कामांत सर्टिफिकेटचं नाव त्या चाळणीतून पार व्हायला खरोखर मदत करतं. प्रोग्रामिंगच्या जागेला तितकं करत नाही. तिथं कोडिंगची चाचणी असते आणि गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) काय आहे ते बघतात. जावाचं सर्टिफिकेट करण्यात दोन महिने घालवण्यापेक्षा चालणारा, डेटाबेसला जोडलेला एक छोटा प्रकल्प पुरा करावा, असं माझं मत आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारले तरी उत्तर देता आलं पाहिजे.

नेटवर्किंगला सिस्को या राउटर बनवणाऱ्या कंपनीची सीसीएनए. परीक्षा २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४ डॉलर. डॉलर ८५ रुपयांनी धरला तरी ३०,००० च्या वर. नापास झालात तर पाच दिवस थांबायचं आणि पूर्ण फी पुन्हा. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, म्हणून पुढं गेला तो प्रश्न विसरायचा. मुदत तीन वर्षं. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे स्क्रीनवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळं राउटर विकत घ्यायची गरज नाही. तयारी झाली की नाही हे एका गणितावरून कळतं: १९२.१६८.१०.७७, मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग किती ते सांगणारा आकडा) /२६, हा मशीनचा पत्ता कुठल्या नेटवर्कात? /२६ म्हणजे ६४ चे गठ्ठे: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ च्या गठ्ठ्यात बसतो. नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा पत्ता) .१२७, मशीनला देता येणारे .६५ ते .१२६, एकूण ६२. हे वीस सेकंदांत, कागदाशिवाय जमत नसेल तर तारीख घेऊ नका. मुलाखतीतही हाच प्रश्न येतो, आणि तिथं गाइड नसतं.

सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची, रेड हॅट कंपनी घेते ती आरएचसीएसए मला या सगळ्यांत सगळ्यात प्रामाणिक परीक्षा वाटते. पर्यायांचा एकही प्रश्न नाही. तीन तास खऱ्या मशीनवर काम करायचं, इंटरनेट बंद, ३०० पैकी २१० ला पास. मशीनमधली मॅन पानं (कमांडच्या माहितीची) मात्र उघडता येतात. एक गोष्ट भल्याभल्यांना पाडते: केलेली प्रत्येक सेटिंग मशीन पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजे. एफएसटॅब (कुठली डिस्क कुठं जोडायची याच्या) फाइलमध्ये नवी डिस्क जोडताना यूयूआयडीचं (डिस्कच्या ओळख क्रमांकाचं) एक अक्षर चुकलं की रीस्टार्टनंतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, आणि न उठलेल्या मशीनवरच्या कामाला गुण कोण देणार? म्हणून फाइल सेव्ह केली की रीस्टार्टच्या आधी 'माउंट -ए' ही कमांड चालवून बघायचं. चूक असेल तर ती तिथंच ओरडते. रूटचा (मुख्य युजरचा) पासवर्ड बदलून घेतल्यावर सेलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचं रीलेबल, म्हणजे फाइलींवरच्या तिच्या खुणा पुन्हा लावणं, विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या मशीनच्या कामात, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट: ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास, फी १५० डॉलर अधिक कर. नापास झालात तर १४ दिवस थांबायचं. ६५ पैकी १५ प्रश्नांना गुणच नसतात आणि ते कुठले हे सांगत नाहीत, म्हणून एखादा अगदीच अनोळखी प्रश्न आला तर त्यावर पाच मिनिटं घालवू नये. एक परीक्षा पास झाली की पुढच्या परीक्षेला निम्म्या फीचं कूपन मिळतं. सरावात धोका मात्र वेगळाच. कार्ड जोडून खातं उघडायचं, नॅट गेटवे (तासावर पैसे लागणारी सेवा) चालू ठेवून झोपायचं, आणि महिनाअखेर बिल. पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा आणि सराव संपला की सगळं डिलीट करा. नुसतं स्टॉप केलं तर डिस्कचे पैसे चालूच राहतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं एझेड-९०० कधी संपत नाही, पण ते तोंडओळखीचं आहे. असोसिएट पातळीचं एका वर्षात संपतं, मात्र नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट. मुदतीच्या आधी सहा महिने खिडकी उघडते.

पैसे कमी असतील तर एनपीटीईएल विसरू नका. आयआयटीवाल्यांचे कोर्स, शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं असेल तर एका कोर्सला १,००० रुपये. असाइनमेंटचे २५ पैकी १० आणि केंद्रावरच्या परीक्षेत ७५ पैकी ३० हवेत. नोकरी लावून देईल असं नाही, पण डेटाबेस किंवा नेटवर्कचा पाया स्वस्तात पक्का होतो.

क्लासच्या पाटीवर 'मान्यताप्राप्त' दिसलं की कोणाची मान्यता, हे विचारा. उद्यम नोंदणी ही धंद्याची नोंदणी आहे. आयएसओ ९००१ हे कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. दोन्हींचा अभ्यासक्रमाशी संबंध नाही. '१०० टक्के प्लेसमेंट' पावतीवर लिहून मागा. तिथं सहसा 'प्लेसमेंट सहाय्य' एवढंच उतरतं, म्हणजे चार ठिकाणी बायोडेटा पाठवणार. हप्त्यांनी फी म्हणत सही घेतात तो कागद क्लासच्या हप्त्याचा आहे की फायनान्स कंपनीच्या कर्जाचा, हे सही करायच्या आधी वाचा. कर्ज असेल तर क्लासला कुलूप लागलं तरी हप्ता थांबत नाही, आणि थकला तर सिबिल खराब होतं. फीमध्ये परीक्षेचं शुल्क धरलंय का, हेही विचारा. बहुतेक वेळा नसतं.

डम्प, म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न, व्हॉट्सॲपवर पाचशे रुपयाला मिळतात. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द आणि पुढच्या परीक्षांना बंदी. नाही पकडलं गेलं तर वरचा /२६ चा प्रश्न मुलाखतीत येतोच.

परीक्षा नोंदवताना सगळ्यात क्षुल्लक वाटणारी आणि सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट म्हणजे नाव. आपल्याकडं दहावीच्या मार्कमेमोवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. परीक्षेच्या साइटवर खातं उघडताना पोरं तसंच भरतात, आणि ओळखपत्रावर क्रम वेगळा निघाला की केंद्राच्या दारातून परत. पैसेही गेले. ज्या ओळखपत्रावर परीक्षेला बसणार ते समोर ठेवून, त्यावरचं स्पेलिंग बघून खातं उघडा. आधारवर सही नसते, म्हणून सहीचं ओळखपत्र मागितलं तर पासपोर्ट, लायसन्स किंवा पॅन लागेल. परीक्षेच्या सूचनांत कुठलं चालतं ते वाचून घ्या.

घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, टेबल रिकामं, मोबाइल हाताच्या अंतरापलीकडं. मधेच आजीनं दार उघडून "चहा घेतोस का रे" विचारलं तरी परीक्षा बंद होऊ शकते. त्यात वीज. लॅपटॉपची बॅटरी टिकली तरी राउटर बंद पडतो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस, सिस्टिम टेस्ट आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच नेटवर, आणि तारीख घेताना आपल्या फीडरचा मेंटेनन्सचा वार टाळायचा. एवढी सोय नसेल तर केंद्रावर जाऊन दिलेली बरी, भले आदल्या रात्रीची पुण्याची गाडी धरावी लागली तरी.