अनोळखी शब्द आधी सोलायचा, मग कोश उघडायचा

निफाड-दिंडोरीकडे सातबारा घरोघरी असतो, तरी त्यातला ‘पोटखराबा’ कॉलेजातल्या पोरांनाही अडतो. हे वाक्य घ्या: ‘गटातील पोटखराब्याचे क्षेत्र वगळून उरलेल्या जमिनीवर द्राक्षबाग आहे.’ कोशात ‘पोटखराब्याचे’ शोधलं तर हाती काही लागत नाही आणि बहुतेकांचा शोध तिथेच संपतो.

आधी प्रत्यय काढायचा. ‘चे’ गेला की ‘पोटखराब्या’ हे सामान्यरूप उरतं, त्यावरून मूळ शब्द ‘पोटखराबा’. इथे मराठी चकवते: ‘विहिरीत’चं मूळ ‘विहीर’, ‘कापसाचा’चं ‘कापूस’. म्हणजे नुसता प्रत्यय खोडून भागत नाही, आतला बदललेला स्वरही मागे न्यावा लागतो.

मग शब्द फोडायचा. पोट आणि खराबा. पोटकलम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू हे शब्द आठवले की ‘पोट’ म्हणजे मोठ्या गोष्टीच्या आतला भाग, हे कळतं. (पोटदुखी या घराण्यातली नाही.) आता वाक्याकडे परत यायचं. हे क्षेत्र वगळल्यावर बाग उरते, म्हणजे गटातला लागवडीला निरुपयोगी तुकडा. अर्थ लागला.

उपसर्गांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. ‘अपरिहार्य’मधला ‘अ’ नकाराचाच; जे टाळता येत नाही ते. पण ‘अनुभव’मध्ये नकाराचा ‘अन्’ नाही, ‘अनु’ आहे. ‘वि’ तर दोन्हीकडून बोलतो: विफलमध्ये अभाव, विख्यातमध्ये विशेष. ‘बिनशेती’, ‘बेकायदा’ सरळ आहेत. पण ‘बे’ दिसला की ‘शिवाय’ लावायचं ठरवलं, तर बेचाळीस आणि बेळगाव आडवे येतात. म्हणून लावलेला अर्थ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचायचं आणि तोच शब्द असलेलं दुसरं वाक्यही तपासायचं. एका वाक्यात चुकीचा अर्थही खपून जातो.

कोश शेवटी, पण चुकवायचा नाही. वहीत शब्द वाक्यासकट लिहावा. सुटे शब्द चार दिवसांत विसरतात. सार्वजनिक वाचनालयात जुनी पुस्तकं काढून वाचणाऱ्यांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश लागतोच. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणून लेखन जुनं: ‘करणें’, ‘केळें’. ऑनलाइन शोधताना आजच्या लेखनाने शब्द मिळाला नाही, तर शेवटी अनुस्वार देऊन बघावा. आणि ‘क्ष’ काही कोशांत ‘क’मध्ये असतो, काहींत ‘ह’नंतर.