एमएससी नर्सिंग करू का, असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

परवा नाईटला पहाटे साडेचारच्या सुमारास, सकाळच्या सॅम्पलची धावपळ सुरू व्हायच्या आधी जी दहा-पंधरा मिनिटं जरा टेकायला मिळतात ना, तेव्हा आमच्या आयसीयूतली एक ज्युनिअर मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली. ताई, एमएससीचे फॉर्म निघालेत, भरू का? बीएससी होऊन दीड वर्ष झालंय तिला. लातूरकडची आहे, हात फार चांगला, ज्या म्हाताऱ्या माणसाची शीर कुणाला सापडत नाही त्याला पहिल्याच प्रिकला कॅन्युला लावते, आणि दर महिन्याला न चुकता घरी पैसे पाठवते. मी काही बोलायच्या आत सहा नंबरचा पंप वाजायला लागला, मी उठले, आणि मग आठपर्यंत दोघींनाही एकमेकींकडे बघायला फुरसत नव्हती. हँडओव्हर देऊन ती गेली, प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

गेल्या दोन-तीन वर्षांत हे मला किमान दहा जणींनी आणि दोन ब्रदरनी, म्हणजे पुरुष नर्सनी, विचारलंय. दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि नंतर वाटतं की नीट सांगितलं नाही. म्हणून आज बसून लिहितेय.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठे उभी राहून बोलतेय ते कळेल. मी सांगली जिल्ह्यातली, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, तेव्हा ते साडेतीन वर्षांचं होतं, आता तीन आहे. मग पुण्यात नोकरी, बहुतेक सगळी आयसीयूतच. मुलगा तीन वर्षांचा असताना पोस्ट बेसिक बीएससी, म्हणजे डिप्लोमावाल्यांसाठीची डिग्री, केलं, पूर्ण दोन वर्षं बिनपगारी, सासूबाईंनी पोराला सांभाळलं म्हणून जमलं. परत आले तेव्हा पगारात वाढले बाराशे रुपये. एमएससी केलेलं नाही.

आता मुद्द्याचं. शिकवायच्या लाईनला जायचं असेल तर एमएससी लागतंच, त्यात चर्चेला जागाच नाही. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून बीएससीवरही घेतात, पण असिस्टंट प्रोफेसर आणि त्याच्या पुढचं सगळं, थेट प्रिन्सिपलपर्यंत, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात एमएससीशिवाय होत नाही. तुला शिकवायला आवडतं का, स्टुडंट आल्यावर तू वैतागतेस की त्यांना हाताला धरून दाखवतेस, हे स्वतःला विचार. आवडत असेल तर फॉर्म भर, बाकी कुणाचं ऐकू नको, माझंसुद्धा. फक्त एक बघ, सगळ्याच कॉलेजात शिकवण्याचंच काम असतं असं नाही. माझी एक बॅचमेट एमएससी करून एका खासगी कॉलेजला लागली, तर उन्हाळ्यात तिला गावोगाव फिरून ॲडमिशन आणायला लावायचे आणि पगार स्टाफ नर्सपेक्षा कमी. दोन वर्षं काढली तिनं तिथं. जॉईन व्हायच्या आधी तिथं आधीपासून असलेल्या एखाद्या मॅडमला गाठून खरं काय ते विचारून घे.

पण बाकीच्या वाटांना? एम्स या केंद्र सरकारच्या हॉस्पिटलांच्या नर्सभरतीची नॉरसेट परीक्षा घे. बीएससी किंवा पोस्ट बेसिकवाल्यांना चालते, जीएनएमवालीला पण चालते, फक्त तिला किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. लागली की नर्सिंग ऑफिसर, केंद्राच्या पगारश्रेणीत लेव्हल ७, बेसिकच ४४,९०० पासून सुरू. नागपूरला एम्स आहे आपल्याकडे. यात एमएससीचा कुठे प्रश्नच येत नाही. आपल्या राज्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) परिसेविका (वॉर्डची इनचार्ज) व्हायला मुख्यतः सेवाज्येष्ठताच बघतात.

आणि बाहेर जायचं म्हणून एमएससी करायचंय असं म्हणणाऱ्या तर इतक्या भेटतात की मला वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सिंग लायसन्सची परीक्षा पास व्हावी लागते, यूकेला इंग्रजीची परीक्षा म्हणजे ओईटी किंवा आयईएलटीएस, मग सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि तिथं गेल्यावर ऑस्की म्हणजे प्रात्यक्षिक. जर्मनीला भाषा बी-टू लेव्हलपर्यंत लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात नर्सेसही आहेत, तेव्हापासून आमच्याकडच्या निम्म्या पोरी लंच ब्रेकला जर्मनचं डेर-डी-दास पाठ करत असतात. गल्फला बेडसाईडचा अनुभव आणि त्या त्या देशाची परीक्षा. यातल्या एकाही ठिकाणी स्टाफ नर्स म्हणून जायला मास्टर्स मागत नाहीत. जी दोन वर्षं आणि जो पैसा एमएससीला जाणार तो भाषेला आणि परीक्षेला लावला तर तू तोपर्यंत तिथं पोचलेली असशील.

म्हणजे एमएससीचा उपयोग नाही असं म्हणतेय का मी? नाही. आणि इथेच मला जे खरं सांगायचंय ते येतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलला नर्सिंग एज्युकेटरची पोस्ट निघाली. नवीन स्टाफला ट्रेनिंग देणं, वॉर्डात जाऊन प्रॅक्टिस तपासणं, असं काम. मी तेव्हा बारा-तेरा वर्षं आयसीयूत काढलेली, नवीन येणारी प्रत्येक पोरगी माझ्याच हाताखाली तयार होत होती, मी अर्ज केला. एचआरने दोन मिनिटांत सांगितलं, सिस्टर, मास्टर्स कंपल्सरी आहे. बस. इंटरव्ह्यू सुद्धा नाही. त्या रात्री मी घरी येऊन खूप रडले, नवऱ्याला कारणसुद्धा सांगता येईना. मग सत्तावीस वर्षांची एक मुलगी आली त्या पोस्टवर आणि पहिला महिनाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले, हे माझं चुकलं, पण तसं वागले खरं.

तेव्हा आमच्याकडे एक आजोबा होते, स्ट्रोकचे, व्हेंटिलेटरवर नववा दिवस. दर दोन तासांनी कूस बदलत होतो, चार्टवर सह्या होत्या, पाठ एकदम स्वच्छ, माकडहाडापाशी लालीसुद्धा नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. ती नवीन एज्युकेटर राउंडला आली, चादर पायाकडून वर केली आणि टाच हातात घेतली. डाव्या टाचेला बाहेरच्या बाजूला रुपयाएवढं लाल दिसत होतं. तिनं त्यावर बोट दाबलं, धरून ठेवलं, सोडलं. दाबल्यावर कातडी पांढरी व्हायला पाहिजे आणि मग परत लाल. ती पांढरी झालीच नाही, लालच राहिली. मला म्हणाली, ताई, हा पहिल्या स्टेजचा बेडसोर आहे. ओरडली नाही, मोठ्यानं बोलली पण नाही.

मग ती आमच्या फाईलमधला ब्रॅडन स्केलचा, म्हणजे बेडसोरचा धोका मोजायचा, कागद काढून बसली. तो कागद आम्ही रोज भरायचो, रोज चौदा, चौदा, चौदा, आदल्या शिफ्टचा आकडा बघून तोच लिहायचा. तिनं त्यातले सहाच्या सहा मुद्दे त्या आजोबांवर लावून दाखवले. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते शेवटचं, फ्रिक्शन आणि शिअर, म्हणजे कातडी घासणं आणि आतून ओढली जाणं. आपण न्यूमोनिया होऊ नये म्हणून डोक्याकडची बाजू तीस डिग्रीच्या वर ठेवतो, बरोबरच आहे, पण मग पेशंट हळूहळू खाली घसरतो, मग वॉर्डबॉय मामा आणि आपण मिळून त्याला वर ओढतो, आणि ओढताना कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं मांस पुढे सरकतं. म्हणजे एक दुखणं टाळायला केलेली गोष्ट दुसरं दुखणं तयार करते. इतकी वर्षं मी पेशंट वर ओढत होते आणि हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे पोटरीखाली उशी जाते, टाच अधांतरी राहते, आणि वर घ्यायचं तर उचलून घ्यायचं, ओढायचं नाही, मग चार माणसं जमा करावी लागली तरी चालेल.

नंतर चहा पिताना कळलं की तिचा एमएससीचा प्रबंध बेडसोरवरच होता. वर्ष-दीड वर्ष ती वॉर्डावॉर्डात फिरून लोकांच्या पाठी, टाचा, कानामागे ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिक रुततं ती जागा, एवढंच बघत होती. तेव्हा माझा राग गेला. मला कळलं की एमएससीनं तिला काय दिलं, तर एकाच गोष्टीकडे बघत बसायला वेळ दिला. मला नोकरीत तो कधी मिळाला नाही. मी एकावेळी दोन पेशंट, कधी तीन, पंप, सक्शन, नातेवाईक, डॉक्टरांचे फोन, यात एका गोष्टीकडे दहा मिनिटं सलग बघू शकत नाही. हुशारीत ती आणि मी वेगळ्या नव्हतो, वेळात होतो.

आणि पुढचं ऐका. दीड वर्षात त्या मुलीचं पेशंटकडे येणं जवळजवळ बंद झालं. एनएबीएच या हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेच्या फाईली, ट्रेनिंगची हजेरीपत्रकं, ऑडिटचे तक्ते. मग ती एका कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर म्हणून निघून गेली, तिच्या दृष्टीनं बरोबरच केलं, पगार आणि वेळ दोन्ही बरं. पण जिला टाच दिसली ती आता टाचेजवळ नाही.

माझं खरं दुखणं हे आहे. आपल्या लाईनला वर जाण्याची प्रत्येक पायरी बेडपासून लांब नेते. स्टाफची इनचार्ज झालं की रोस्टर, सामानाची इंडेंट, बायोमेडिकल वेस्टचं रजिस्टर. सुपरवायझर झालं की राउंड आणि तक्रारी. मॅट्रन झालं की मीटिंगा. आणि एमएससी करून कुणी म्हणालं की मला बेडलाच राहायचंय, तर तिला पैसे कोण देतंय? आमच्याकडे बीएससी आणि एमएससी स्टाफ नर्समध्ये महिन्याला दीड हजाराचा फरक आहे. दीड हजार. दोन वर्षांचा बुडालेला पगार आणि फी त्यातून भरून निघायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच गणित करा. डॉक्टर एमडी करतात आणि त्याच पेशंटला जास्त चांगलं बघतात, त्यांचा मान आणि फी दोन्ही वाढतं, ते पेशंट सोडून जात नाहीत. मग आपल्यातली जास्त शिकलेली बाई पेशंटपासून लांब का जाते? हे बदलायला पाहिजे आणि ते कुणा एका पोरीनं फॉर्म भरून किंवा न भरून बदलणार नाही, हॉस्पिटलांनी बेडवर सिनिअर पोस्ट काढायला पाहिजेत, शिकलेल्याला तिथं थांबायचा पैसा द्यायला पाहिजे.

तर बाळा, तुझ्यासाठी. तू सकाळी जाताना म्हणालीस की वडील म्हणतायत, सोयाबीनचे पैसे आले की पहिल्या वर्षाची फी भरतो. आणि आई म्हणते स्थळं बघताना एमएससी लिहिलेलं बरं दिसतं. बायोडेटासाठी दोन वर्षं घालवू नको गं, आणि सोयाबीनच्या भावाचं काय होतं ते तुझ्या घरात कळतंच. अजून सहा महिने थांब, दोन वर्षं पूर्ण कर बेडची. तेवढ्यात नॉरसेट दे एकदा. आणि एक वही कर, ड्युटीवर तुला जे खटकतं, का बरं असं करतात असं वाटतं, ते त्यात लिही, एका ओळीत. सहा महिन्यांनी बघ, त्यात एकच गोष्ट परत परत येतेय का. येत असेल तर तुझा विषय तिथं आहे, मेडिकल-सर्जिकल, पेडियाट्रिक, सायकियाट्रिक काय असेल ते, आणि मग एमएससी जरूर कर, मी तुझ्या वडिलांशी स्वतः बोलेन. वही रिकामी राहिली तरी काही कमी नाही तुझ्यात, चांगली बेडसाईड नर्स राहा, मला अशा पोरी पाहिजेतच. पण कॉलेज निवडताना ज्यांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल आहे असंच बघ, नाहीतर पोस्टिंगला पेशंटच दिसणार नाहीत.

आणि माझंही सांगून टाकते. कौन्सिलनं नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर म्हणून एक दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आणलाय, तोही मास्टर्सच आहे, पण त्यात बहुतेक वेळ आयसीयूतच काम करत शिकायचं असतं. बीएससी आणि किमान वर्षाचा अनुभव लागतो, शक्यतो क्रिटिकल केअरचा, तो माझ्याकडे भरपूर आहे. महिन्याभरापासून त्याचं माहितीपत्रक माझ्या पर्समध्ये आहे. मुलाची दहावी मार्चमध्ये आहे, त्याआधी काहीच करता येणार नाही. पण ज्यांनी हा कोर्स केलाय आणि महाराष्ट्रात काम करतायत त्यांनी मला कृपया खरं खरं सांगा, कोर्स झाल्यावर तुम्हाला बेडवरच ठेवलं का, आणि पगाराच्या स्लिपवर तुमचा हुद्दा काय लिहून येतो, नर्स प्रॅक्टिशनर की अजून स्टाफ नर्सच?