आमच्या तक्रार-प्रणालीला ‘डिजिटल पब्लिक गुड’ची मान्यता मिळाली, त्याची हकीकत

सार्वजनिक सेवेसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर चांगलं आहे की नाही, हे ठरवायचं कसं? पुरस्कारांच्या अर्जांत बहुधा दोनच गोष्टी विचारतात: यात नवीन काय, आणि किती लोकांनी वापरलं. मला तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. उद्या दुसऱ्या कुठल्या संस्थेने हे उचललं, तर आम्हाला एकही फोन न करता ते त्यांना चालवता येईल का? आमच्या प्रणालीला मान्यता मिळवण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावणारी वाट मी मुद्दाम निवडली.

प्रणाली साधी आहे. नागरिक तक्रार नोंदवतो, ती योग्य विभागाकडे जाते, मुदत उलटली की आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर नागरिकाला संदेश जातो. तिचा कोड खुला करायचा, म्हणजे कुणालाही तो वाचता, वापरता आणि बदलता येईल असा ठेवायचा निर्णय झालेला होता. वरिष्ठांना वाटत होतं की संयुक्त राष्ट्रांच्या सार्वजनिक सेवा पुरस्कारासारख्या ठिकाणी अर्ज करावा. २००३ पासून दिला जाणारा तो पुरस्कार मानाचा आहे, यात शंका नाही. पण पुरस्कार संस्थेने केलेल्या कामाचा गौरव करतो. ते काम दुसऱ्याला उचलून वापरता येईल की नाही, हे सांगणं त्याचं काम नव्हे. म्हणून मी डिजिटल पब्लिक गुड्स अलायन्स या आंतरराष्ट्रीय आघाडीच्या नोंदवहीचा आग्रह धरला; तपासून मान्य केलेली खुली सॉफ्टवेअर तिच्यात नोंदवली जातात.

ही आघाडी २०१९ च्या अखेरीस उभी राहिली. नॉर्वे, सिएरा लिओन, युनिसेफ आणि भारतातली आयस्पिर्ट ही सॉफ्टवेअर क्षेत्रातली विचारसंस्था यांनी मिळून ती सुरू केली. पुढे जून २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी डिजिटल सहकार्याचा आराखडा मांडला, त्यात ‘डिजिटल पब्लिक गुड’ची व्याख्या आली: खुलं सॉफ्टवेअर, खुला डेटा, खुली मानकं किंवा खुला मजकूर, जो गोपनीयतेचे आणि इतर कायदे पाळतो, कुणाला इजा करत नाही आणि शाश्वत विकास उद्दिष्टांना हातभार लावतो. त्या व्याख्येवरून नऊ निकषांचं मानक तयार झालं. सरकारी डेटा-देवाणघेवाणीचं एक्स-रोड, आरोग्य-माहितीचं डीएचआयएस-२, डिजिटल ओळखीचं मोसिप ही याच नोंदवहीतली नावं. नऊही निकष इथे सांगत बसत नाही. ज्यांनी आम्हाला खरंच कामाला लावलं, तेवढ्यांबद्दलच लिहितो.

पहिलाच घाम फुटला तो मालकीवर. कोड कुणाच्या मालकीचा, हे कागदावर दाखवा, असं अर्ज म्हणतो. आमच्या संस्थेने पैसे दिले होते, म्हणून कोड आमचा, असं सगळेच धरून चालले होते. मी जुना करारनामा काढला. त्यात कंत्राटदाराने ‘सोर्स कोड सुपूर्द करावा’ एवढंच होतं. सुपूर्द करणं आणि स्वामित्वहक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीवरच्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड बहुतेक कायद्यांनुसार मालकाचा होतो, पण बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा हक्क लेखी हस्तांतर नसेल तर सहसा त्याच्याकडेच राहतो. म्हणजे ज्या कोडवर आम्ही खुला परवाना लावायला निघालो होतो, तो परवाना द्यायचा अधिकार आमच्याकडे होता की नाही, हेच पक्कं नव्हतं. कंत्राटदाराकडून हस्तांतराचं पत्र मिळवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. त्यांच्या वकिलांना भीती होती की त्यांची इतर कामंही यात ओढली जातील. शेवटी कुठल्या फाइलींचा हक्क येतो आणि कुठल्यांचा येत नाही, याची यादीच पत्राला जोडली, तेव्हा सही झाली.

मग बाहेरच्या स्वयंसेवकांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांचा प्रश्न आला. त्यांच्यासाठी आम्ही डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन स्वीकारलं. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे लिनक्स कर्नलने, २००४ मध्ये आणलेली ही पद्धत फार साधी आहे: प्रत्येक बदलाखाली लेखक आपल्या नावाची एक ओळ टाकतो आणि हा कोड या परवान्याखाली द्यायचा मला अधिकार आहे, असं जाहीर करतो. वकिली भाषेतल्या लांबलचक कराराने नवखा माणूस बिचकतो. या एका ओळीने कुणी बिचकलं नाही.

परवाना निवडताना झालेली चर्चा मला आजही महत्त्वाची वाटते. विधी विभागातल्या मॅडमनी विचारलं, ‘‘कुणी फुकट घेऊन विकायला लागलं तर? फक्त सरकारी वापरासाठी, अशी अट घालू या का?’’ प्रश्न रास्त होता. पण तशी अट घातली की ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स राहतच नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हची व्याख्याच सांगते की वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येत नाही, आणि अलायन्सला सॉफ्टवेअरसाठी या इनिशिएटिव्हने मान्य केलेलाच परवाना लागतो. मॅडमची खरी काळजी वेगळी होती: कुणीतरी आमचा कोड सुधारून बंद करून टाकेल. त्यावर उपाय परवान्यातच आहे. साध्या जीपीएल या खुल्या परवान्यात कोड वाटला तरच तो खुला करायचं बंधन येतं, आणि सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेत कोड कुणाला वाटला जातच नाही. २००७ चा एजीपीएल हा परवाना ही फट बुजवतो: नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सुधारित कोड मिळाला पाहिजे. आम्ही तो घेतला. त्यासाठी वापरातली एक पीडीएफ लायब्ररी (पीडीएफ हाताळणारा तयार कोड) बदलावी लागली, कारण ती फक्त जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली होती आणि ते दोन परवाने एकत्र नांदत नाहीत.

कोड उघडा केला तर चोर आत शिरतील, हा आक्षेप दर बैठकीत निघायचा. मी दर वेळी तेच सांगितलं. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, गुप्त असावी ती फक्त किल्ली. एस्टोनियाचं सरकारी डेटा-देवाणघेवाणीचं एक्स-रोड २००१ पासून चालू आहे, त्याचा कोड २०१६ मध्ये एमआयटी या खुल्या परवान्याखाली खुला झाला, आणि २०१७ मध्ये एस्टोनिया व फिनलंडने त्याच्या देखभालीसाठी मिळून एक संस्थाच काढली. खुलं केल्याने ते कोसळलं नाही, उलट सांभाळायला हात वाढले. मात्र किल्ल्यांची काळजी आम्हीही घेतली. रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं भांडार, सार्वजनिक करण्याआधी गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला सगळा इतिहास तपासला, कारण फाइल आज पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी नोंदवलेल्या बदलात, ती राहतेच. सगळे पासवर्ड आणि टोकन (यंत्रांनी वापरायच्या किल्ल्या) सरसकट बदलले.

प्लॅटफॉर्म-स्वातंत्र्याच्या निकषाचा अर्थ असा: सॉफ्टवेअर एखाद्या बंद घटकावर अडलेलं असेल तर त्याजागी खुला पर्याय मोठी मोडतोड न करता बसवता येतो, हे दाखवा. डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल होता, म्हणजे खुलाच, त्यामुळे तिथे चिंता नव्हती. नकाशा बंद होता. तो काढून ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा आणि तो पडद्यावर दाखवणारं लीफलेट हे साधन आणलं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी: ओपनस्ट्रीटमॅपचा सार्वजनिक टाइल सर्व्हर, म्हणजे नकाशाचे चित्र-तुकडे पुरवणारं यंत्र, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो. मोठ्या सेवेने त्याच्यावर भार टाकू नये, असं त्यांच्या धोरणात लिहिलेलं आहे. म्हणून टाइल्स आम्ही स्वतःच्या सर्व्हरवरून देतो. फुकट मिळतं म्हणून कितीही ओढायचं, हे सार्वजनिक संस्थेला शोभत नाही.

मग दस्तऐवज. इथे मी एक कसोटी लावली, आणि हेच काम करणाऱ्या कुणालाही मी तीच सुचवेन. दुसऱ्या संस्थेतल्या एका अभियंता मैत्रिणीला मी फक्त रिपॉझिटरीचा दुवा दिला आणि सांगितलं, ‘‘रिकाम्या सर्व्हरवर हे उभं कर. मला काही विचारायचं नाही, फक्त अडलीस की लिहून ठेव.’’ प्रणाली बसली. पण तिच्यात विभाग आमचेच, सुट्ट्या आमच्याच, मुदतीही आमच्याच! कंत्राटदाराने हे सगळं थेट कोडमध्ये लिहिलेलं होतं. तिच्या टिपणात एक वाक्य होतं: ‘हे सॉफ्टवेअर चालतं, पण ते तुमच्याच कार्यालयात बसलेलं आहे.’ त्यानंतर आम्ही ती सगळी माहिती बाहेर काढून सेटिंगच्या फाइलींत आणि प्रशासकाच्या पडद्यावर आणली. माझ्या मते खुलेपणाचा अर्धा भाग परवान्यात असतो आणि उरलेला अर्धा इथे.

डेटाचा निकष वरवर सोपा दिसला: वैयक्तिक नसलेला डेटा सीएसव्ही किंवा जेसनसारख्या खुल्या स्वरूपात काढता आला पाहिजे. पण तक्रारीतला कोणता डेटा वैयक्तिक नसतो? मजकुरात शेजाऱ्याचं नाव येतं, फोन नंबर येतो, कुणाच्या आजारपणाचा उल्लेख येतो. म्हणून खुल्या डेटातून मजकूर पूर्ण वगळला. उरला प्रकार, परिसर, तारीख आणि स्थिती. तरीही एखाद्या छोट्या परिसरात अमुक दिवशी एकच तक्रार आली असेल तर ती कुणी केली हे तिथल्या माणसाला सहज कळतं. शेवटी आम्ही महिनावार बेरीज दिली, आणि फार थोड्या तक्रारी असलेले परिसर एकत्र केले. तक्रारीसोबत येणाऱ्या फोटोंतली जागेची छुपी नोंदही आता अपलोड होतानाच पुसली जाते.

‘इजा न करणं’ हा शेवटचा निकष. बरेच जण तिथे एक धोरण-पत्रक जोडून मोकळे होतात असं मी ऐकलं होतं. आमच्या बाबतीत मात्र याच निकषाने प्रणालीची रचना बदलली. एखाद्याने कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार केली तर ती तक्रार, नावपत्त्यासकट, त्याच कर्मचाऱ्याच्या पडद्यावर उघडत होती. ज्या माणसाकडे उद्या पुन्हा कामासाठी जायचंय त्याच्याविरुद्ध कोण लिहील? आता अशी तक्रार वेगळ्या वाटेने जाते, हाताळणाऱ्याला तक्रारदाराचं नाव दिसत नाही, आणि ज्याला ते पाहण्याचा अधिकार आहे त्याने कधी पाहिलं याची नोंद राहते. आमच्या दारात आलेल्या दुबळ्या माणसाला आमच्याच यंत्राने उघडं पाडलं असतं, आणि ‘नावीन्य’ म्हणून आम्ही टाळ्या घेतल्या असत्या. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

अपंग व्यक्तींना प्रणाली वापरता येते का, याची तपासणी डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुलभतेच्या मानकानुसार केली. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन, स्वतःच ओपन सोर्स आहे. तो रोज वापरणाऱ्या एका दृष्टिहीन सहकाऱ्याने अर्ज भरून पाहिला, आणि चूक फक्त लाल रंगाने दाखवणारे सगळे रकाने एकेक करून सापडले.

अर्जात एक रकाना मला हवा होता, तो नव्हता: आमची प्रणाली ज्यांच्या खांद्यावर उभी आहे त्यांचा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या कॉम्प्रेशन-साधनात कुणीतरी दीर्घकाळ विश्वास कमावून मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवल्याचं उघड झालं. ते सापडलं, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेशाला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला. ते साधन बरीच वर्षं प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता. सार्वजनिक सेवांतल्या नावीन्याची दखल घेताना अशा माणसांपर्यंत कुणी पोहोचत नाही. आमची प्रणाली ज्यांच्यावर अवलंबून आहे अशा सगळ्या घटकांची यादी आम्ही परवान्यांसह प्रसिद्ध केली, आणि देखभालीच्या तरतुदीतला काही हिस्सा त्यांतल्या मोजक्या प्रकल्पांना देण्याचा प्रस्ताव ठेवला. हिशेब विभागाला हे पटवायला वेळ लागला. देणगी म्हणून ते बसत नव्हतं, ‘देखभाल सेवा’ म्हणून बसलं.

अर्ज दाखल झाल्यावर तपासणाऱ्यांकडून प्रश्न आले. माझा अनुभव असा की उत्तरात परिच्छेद लिहू नयेत, थेट दुवा द्यावा: हा परवाना, हे हस्तांतराचं पत्र, हे डेटा काढण्याचं पान, ही तपासणीची नोंद. जिथे दाखवायला दुवा नव्हता, तिथे काम खरोखरच अर्धवट होतं. मान्यता मिळाली त्या दिवशी वरिष्ठांनी विचारलं, ‘‘प्रमाणपत्र कधी येणार?’’ मी त्यांना रिपॉझिटरी उघडून दाखवली. दुसऱ्या एका संस्थेने प्रणाली बसवली होती, आणि तिथल्या लोकांनी केलेलं भाषांतर आणि मुदत मोजण्यातली एक दुरुस्ती आमच्याकडे आलेली होती. वरिष्ठ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे आता हे आपलं एकट्याचं नाही.’’

मान्यता कायमची नसते, दर वर्षी पुन्हा तपासणी होते. त्यामुळे दस्तऐवज अद्ययावत ठेवणं आता एका सहकाऱ्याच्या कामाच्या यादीत रीतसर लिहिलेलं आहे. आणि नव्या निविदेच्या मसुद्यात आम्ही चार कलमं घातली आहेत: स्वामित्वहक्काचं हस्तांतर सहीच्या दिवशीच होईल, कोड पहिल्या दिवसापासून सार्वजनिक रिपॉझिटरीत लिहिला जाईल, तिसऱ्या माणसाने फक्त दस्तऐवजावरून प्रणाली उभी केल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, आणि वापरलेल्या प्रत्येक घटकाचा परवाना यादीत असेल. मसुदा सध्या विधी विभागाकडे आहे. पहिल्या कलमाचे शब्द मॅडमनी स्वतः आणखी कडक करून दिलेत.