तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या गावात सण, ताप आणि घरची आठवण

"एकटी फिरतेस, तिकडे आजारी पडलीस तर कोण बघतं? आणि सणावाराला घरची आठवण नाही येत का गं?" हे मला इतक्यांदा विचारलं जातं की एकदा नीट लिहूनच टाकते. येते. खूप येते. आणि सण आणि आजारपण एकदम आलं तर विचारूच नका. २०२४ ची दिवाळी माझी तशीच गेली, मेक्सिकोत, ओआहाका शहरात.

त्या वर्षी आपलं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि तिकडे १ आणि २ तारखेला दिआ दे मुएर्तोस, म्हणजे घरातली गेलेली माणसं भेटायला येतात तो सण, पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. ३१ च्या रात्री जवळच्या होहोकोत्लानच्या कब्रस्तानात अख्खी कुटुंबं मेणबत्त्या लावून बसतात, ते बघायलाच मी गेले होते खरं तर, पण त्याच दुपारी पोट बिघडलं आणि संध्याकाळपर्यंत सणकून ताप. खाली रस्त्यावर बँड, तोंडं रंगवलेली पोरं नाचतायत, आणि मी पांघरुणात कुडकुडतेय.

घरमालकीण काकू मला धरून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये घेऊन गेल्या. तिकडे बऱ्याच मेडिकलला लागूनच डॉक्टरची छोटी केबिन असते, अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, फी पण कमी. गोळ्या, मीठसाखरेचं पाणी, आराम. ते सगळं ठीक होतं हो.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. आपल्यापेक्षा तिकडचं घड्याळ साडेअकरा तास मागे, त्यामुळे घरी संध्याकाळी सातला पूजा चालू होती तेव्हा माझ्याकडे सकाळचे साडेसात. व्हिडिओ कॉलवर आईने आधी लक्ष्मी दाखवली, मग फराळाचं ताट, मग म्हणाली "तुझा चेहरा का असा उतरलाय", आणि मला काही बोलताच येईना. नेटवर्क नाहीये सांगून फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

तिथे काकू झेंडू सोलत होत्या. म्हणजे आपण अख्खी फुलं ओवतो ना, त्या पाकळ्या काढून टोपलीत टाकत होत्या, दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट करतात, येणाऱ्याला घर सापडावं म्हणून. वेदीला उसाची कमान, खाली फोटो, मीठ, चेहरा चिकटवलेला पाव, आणि पाण्याचा ग्लास, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागलेली असते. काही न विचारता त्यांनी माझ्या मांडीवर फुलांचा ढीग ठेवला. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, मेक्सिकोतला, आपल्याकडे नंतर आला, हे मला माहीत होतं, पण बोटांना तो कडवट वास लागला आणि थेट आमच्या दाराचं तोरण आठवलं, आणि मग मी रडले, चांगली हमसून रडले. काकू म्हणाल्या "रड, रड", आणि सोलत राहिल्या. थोड्या वेळाने कोंबडीचं पातळ सूप आणलं, भात घातलेलं, वर लिंबू पिळून, आणि संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

"मन घट्ट कर" हा सल्ला मला कधीच पटला नाही. आठवण आली तर येऊ द्यावी, आणि कोणी हातात काम दिलं तर ते करावं, बसून राहण्यापेक्षा बरं. कब्रस्तान राहिलं त्याची हळहळ आहे, अजून आहे. पण २ तारखेला ताप उतरल्यावर त्यांच्या सासूबाईंच्या फोटोसमोर मला बसवून त्यांनी म्हातारीच्या गोष्टी सांगितल्या, अर्ध्या मला कळल्या नाहीत तरी, ते मला मिरवणुकीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

त्यामुळे जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सणाच्या दिवसात जरूर जा, इन्शुरन्स काढा, ओआरएसची पाकिटं बॅगेत वरच ठेवा, आणि हॉटेलपेक्षा कुणाच्या तरी घरात खोली घ्या, कितीतरी आधी बुक करावी लागली तरी. जेवलीस का हे हॉटेलात कोणी विचारत नाही.