दहावा दगड

परवा दुपारी रंगारी आले म्हणून हॉलमधलं लोखंडी कपाट आम्ही चौघांनी मिळून सरकवलं. मागे भिंतीवर बरोब्बर कपाटाच्या मापाचा पोपटी चौकोन निघाला, काल लावल्यासारखा. बाकीची भिंत धुरकटलेली. आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? ‘हे आता हलणार.’

जुनी खोड आहे. तुम्हालाही असेल, कबूल करा. कार्टूनमधल्या डोंगरात दहा दगड असायचे. नऊ मऊ, मुरलेल्या रंगातले आणि दहावा सपाट, किंचित फिका, कडेला काळी रेघ. कोसळायचा तो दहावाच. स्कूबी-डूच्या पछाडलेल्या वाड्यात पुस्तकांची मांडणी दिसली की आम्ही भावंडं आधीच ओरडायचो, “ते बघ, ते उठून दिसतंय!” मग कुणाचा तरी हात तिथेच लागायचा आणि भिंत गर्रकन फिरायची. भुताची भीती वाटायला सवडच मिळाली नाही. रंगच चुगली करायचा.

करणारच. मागचं चित्र एकाने निवांत ब्रशने रंगवलेलं, हलणारी वस्तू दुसऱ्याने सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पातळ कागदावर, रंगवलेली. दोघांचा रंग जुळायचा कसा?

या चुगलखोरीत हॅना-बार्बेरा सगळ्यांत पुढे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे मुळात ‘टॉम अँड जेरी’वाले. त्या मांजर-उंदराने एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओला सात ऑस्कर मिळवून दिली, तरी १९५७ साली एमजीएमने कार्टूनचा विभागच बंद केला. मग दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, टीव्हीसाठी. टीव्हीकडे पैसे कमी, घाई फार. म्हणून योगी अस्वलाच्या उघड्याबंब अंगावर कॉलर आणि टाय! फॅशन कसली, कॉलरच्या वर फक्त मुंडकं नव्याने काढायचं, खालचं धड तेच ठेवायचं. अश्मयुगातला फ्रेड फ्लिंटस्टोन घरात धावायचा तेव्हा मागून तेच ते सामान पुन्हा पुन्हा जायचं. ऑस्कर मिळवलेल्या हातांनी केलेली फोडणीची पोळी होती ती. नाकं मुरडणारे मुरडोत, मला फोडणीची पोळी ताज्या पोळीहून आवडते.

आमच्याकडे कार्टून नेटवर्क आलं १९९५ मध्ये. आम्हाला ते अगदी ताजं वाटलं. खरं तर त्यातला बराचसा माल साठच्या दशकातला, आमच्या बाबांच्या शाळेच्या वयाचा. मे महिन्याच्या दुपारी आम्ही फरशीवर पालथे, आणि आजी त्याच भिंतीला डोकं टेकून गहू निवडत बसलेली. नजर परातीत, पण लक्ष सगळं टीव्हीत.

“अगं, ही खिडकी मघाशी गेली ना?”

“आजी, ती दुसरी आहे.”

“दुसरी कसली, तीच. आणि गुहेत राहतो म्हणता, मग एवढ्या खिडक्या कशाला मेल्याला?”

पुढे पुढे ती मोजायलाच लागली. एकदा सात झाल्या, तेव्हा परात बाजूला ठेवून हसली होती. तिला दगडाचा नियम मात्र कधी जमला नाही. ती नेहमी चुकीच्या दगडाकडे बोट दाखवायची, काळपटातल्या काळपट, आणि आम्ही म्हणायचो, “तो नाही आजी, तो चित्रातलाच आहे, तो कुठे जात नाही.”

असो. रंगारी चौकोनापाशी फिरकलाच नाही. शेजारी, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, ताटलीएवढा काळपट डाग आहे, त्यावर त्याने अंगठा फिरवून पाहिला.

“तेलाचा आहे,” तो म्हणाला. “दोन हात मारले तरी वर येतो. मागच्या वेळीही आला असणार.”

आला होता.