धर्मपुरीच्या पुढे

माउलींच्या पालखीबरोबर आषाढी वारीला चालले, पण दिवे घाटाचं मी काही लिहीत नाही. तो सगळ्यांनी पाहिलेला असतो, न चाललेल्यांनीसुद्धा. जेजुरीला अंगावर भंडारा पडला, नीरेत पादुकांचं स्नान झालं तेव्हा मला समोरच्या बाईच्या डोक्यावरची तुळस तेवढी दिसली, चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात अश्व कधी गेला ते धुरळा बसल्यावर कळलं. लोणंद आणि फलटण यांतलं आधी काय नि नंतर काय, हे आत्ता लिहिताना मनात पुन्हा लावून पाहावं लागलं. वारीत वार कळत नाही. तिथी कळते, तीही दिंडीतल्या म्हाताऱ्यांना विचारून.

बरड मात्र नीट आठवतं, कारण तिथे पहाटे तीनला टँकरच्या मागे आंघोळीच्या रांगेत एका बाईशी माझं कडाक्याचं भांडण झालं. बादली तिची की माझी, यावरून. भांडण संपलं आणि काकड्याला आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या. तिचा आवाज फार गोड होता, याचाही राग आला.

त्या दिवशीचा मुक्काम नातेपुते. वाट काही फार नाही, वीसेक किलोमीटर. पण पालखी मार्ग आता चौपदरी झाला आहे, आणि त्या रुंदीकरणात जुनी वडा-चिंचेची झाडं गेली. आमच्या दिंडीतल्या आजी चालता चालता नसलेली झाडं दाखवतात, “हितं आमी भाकरी खायचो, हितं तुझ्या मावशीला चक्कर आलेली.” पाऊस नव्हता. काँक्रीट सकाळी दहालाच तापलं होतं. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो, तिथे स्वागताच्या कमानी, ढोल, पुढाऱ्यांचे फोटो छापलेल्या टोप्या आणि केळी. केळी इतकी, की शेवटी घेणाऱ्यांपेक्षा वाटणारे जास्त. दुपारच्या जेवणाला भात-आमटी, तीही उभ्यानेच, कारण बसले असते तर उठले नसते. दोन्ही टाचांना आणि डाव्या चवड्याखाली फोड आले होते. हरिपाठ म्हणत होते, पण खरं सांगायचं तर प्रत्येक चरणाला मनात शिवी येत होती. कुणाला, ते ठरलेलं नव्हतं.

आणि त्यातच ती दुसरी अडचण, जी वारीवर लिहिणारे पुरुष कधी लिहीत नाहीत. फिरत्या शौचालयांच्या गाड्या मुक्कामाच्या गावी असतात. मधल्या वाटेवर बाईने जायचं कुठे? पूर्वी झाडं तरी होती. विणेकरीबुवांना “आलेच” सांगून मी दिंडी सोडली आणि एका पाणंदीत शिरले. दोन्ही बाजूंना मका. बरंच आत गेल्यावर पत्र्याचं छप्पर, दावणीला दोन जर्सी गाई, शेरडं, आणि दारात माझ्याच वयाची एक बाई.

“मका मोडू नगा,” ती लांबूनच म्हणाली.

मी म्हटलं, मका नको, संडास आहे का? तिने हाताने मागची बाजू दाखवली. बादली भरलेली, आत मगसुद्धा. बाहेर आले तर ती माझ्या चालण्याकडे बघत होती.

“मोजं घालून चालता व्हय? म्हणूनशान फोड आलं. बसा हितं.”

मी बसले. तिने आतून सुई आणली, चुलीतल्या निखाऱ्यावर धरली, पांढरा दोरा हळदीत ओढून घेतला. आमच्या आजीही हेच करतात, पण त्यांच्या हाताला आता कंप आहे. हिने माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. वाटेत माणसं वारकऱ्यांच्या पायावर डोकं ठेवतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पाय मागे घ्यायला जागाही नसते. हिने डोकंबिकं ठेवलं नाही. शेरडाचं खूर बघावं तसा पाय उलटासुलटा करून पाहिला, फोडातून सुई घातली, दोरा आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडला. पाणी निघून गेलं. “दोरा वढू नगा. आपसूक गळंल.” मग दुसरा. मग तिसरा, चवड्याखालचा, तेव्हा मी माउलींचं नाव घेतलं ते भक्तीने नव्हे.

“दरसाल एकदोगी येत्यातच,” ती म्हणाली. म्हणजे मी काही विशेष नव्हते.

चहा आला. तो नुसता दुधाचा होता, पाण्याचा थेंब नाही, पितळीभर. पालखीच्या दिवशी रस्ता बंद, त्यामुळे दुधाची गाडी येत नाही. सकाळचं सगळं दूध कॅनमध्ये पडून होतं आणि आता संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली होती. “प्या अजून. न्हायतर खवा आटवत बसाय लागंल.” एवढा आग्रह मला सासरीही कुणी केलेला नाही. मी तीन वेळा घेतला.

तिची थोडी जमीन रस्त्यात गेली. पैसे आले, ते दिरांच्या घराच्या स्लॅबला लागले. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, भाव सांगावा तसं सांगितलं. पंढरपूर तिथून पालखीच्या चालीने पाचेक दिवसांवर, पण ती एकदाही गेलेली नव्हती. “जनावरं कोण बघंल? आन् माउली दारावनं जातीया की.” मग जरा थांबून, “जाती आन् पत्रावळ्या टाकून जाती. चार दिस गोळा करती मी. गाईनं पिशवी खाल्ली तर डाक्टर हजाराखाली हात लावत न्हाय.”

यावर काय बोलणार? मी म्हटलं, तुमच्या नावाने पंढरपुरात तुळस वाहीन.

“नगा वाहू. समदीच म्हंत्यात.”

निघताना तिच्या हातावर पैसे ठेवायचा विचार मनात आला. तिच्या तोंडाकडे बघून तो सोडला. तिने बुक्क्याची डबी आणून माझ्या कपाळाला बोट टेकवलं. माझ्याकडून लावून घेतलं नाही, कारण तिचे हात आता कासेला लागणार होते आणि गाय हंबरत होती.

मोजे पिशवीत टाकून, नुसत्या चपलांवर, दोऱ्याची टोकं मिरवत नातेपुत्याला पोचले तर समाजआरती सुरू व्हायची होती. चोपदारांनी दंड वर केला आणि हजारो टाळ एकदम थांबले. हरवलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या: एक चष्मा, एक पडशी, एक म्हातारे आजोबा. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. म्हणजे तक्रार आहे. चोपदार गेले, ऐकून घेतलं, मग ते थांबले. तंबूकडे पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणे. मला वाटलं, त्या पत्रावळ्यांसाठी टाळ वाजवायचे तर कोणत्या दिंडीने? आमच्या आजींना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आधी पाय दाखव,” आणि दोरे बघून, “हळद कमी पडली.”

पुढचं सगळं झालं तसं झालं. रिंगण, वेळापूरचा धावा (दोऱ्यांसकट धावले), वाखरी. वाखरीला संतांच्या सगळ्या पालख्या भेटतात तेव्हा रडू येतं असं ऐकून होते. मला रडू आलं ते आदल्या रात्री भंडीशेगावला, तंबूत पाणी शिरलं आणि अंथरूण भिजलं म्हणून. पंढरपुरात रांग गोपाळपूरपर्यंत गेली होती. मी कळसाला हात जोडले, नामदेवाच्या पायरीपाशी डोकं टेकलं आणि तुळस वाहिली. कुणाच्या नावाने ते सांगितलं नाही, तिने नको म्हटलं होतं. बरडची ती बादलीवाली बाई एकादशीला माझ्याच तंबूत होती. तिने न विचारता माझे कपडे वाळत घातले, आणि परतीच्या एस्टीत खिडकीसाठी आमचं पुन्हा वाजलं.